कॅथरीन ब्लॉजेट : चष्म्याच्या काचेवरचा न दिसणारा थर

चष्म्याच्या दुकानात नंबर तपासून झाला की पुढचा प्रश्न येतो : काच साधी हवी की कोटिंगची? मग एआरसी, अँटीग्लेअर, हार्ड कोट, ब्लू कट अशी नावे भराभर ऐकू येतात. कधीकधी फ्रेमपेक्षा काच महाग पडते. घरी येऊन पाहावे तर काचेवर काहीच दिसत नाही. पैसे नेमके कशाचे दिले, असा प्रश्न अनेक रुग्ण दवाखान्यात विचारतात.

काचेवर काही न दिसणे हेच त्या थराचे काम असते. काचेवर किती जाडीचा थर दिला म्हणजे तिची चकाकी जाईल, हे रेणूंचे थर एकेक मोजून ज्यांनी दाखवले, त्या अमेरिकेच्या शास्त्रज्ञ कॅथरीन ब्लॉजेट. त्यांची हकिगत समजली की आपल्या चष्म्यावर काय लावले आहे, ते काय करते आणि काय करत नाही, हे कळायला सोपे जाते.

स्केनेक्टडी ते केंब्रिज

कॅथरीन यांचा जन्म १० जानेवारी १८९८ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडी गावी झाला. हे गाव जनरल इलेक्ट्रिक या कंपनीचे. वडील जॉर्ज ब्लॉजेट त्याच कंपनीच्या पेटंट विभागाचे प्रमुख होते. कॅथरीनच्या जन्माच्या काही आठवडे आधी घरात शिरलेल्या चोराने त्यांच्यावर गोळी झाडली आणि त्यात ते गेले. बापाचे तोंड मुलीने पाहिलेच नाही.

आई मात्र खंबीर होती. दोन मुलांना घेऊन ती न्यूयॉर्क शहरात आली. पुढे काही वर्षे फ्रान्समध्ये राहिली, मुलांना दुसरी भाषा यावी म्हणून. पैशाची चणचण नव्हती, आणि मुलीने शिकू नये असे घरात कोणाला वाटत नव्हते. त्या काळात या दोन्ही गोष्टी एकत्र असणे दुर्मीळच.

ब्रिन मॉर हे मुलींचे कॉलेज. तिथे शिष्यवृत्ती मिळवून त्या शिकायला गेल्या आणि १९१७ मध्ये पदवीधर झाल्या. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी, नाताळच्या सुट्टीत, वडिलांच्या जुन्या सहकाऱ्यांनी त्यांना कंपनीची प्रयोगशाळा दाखवली. तिथे भेटले अर्व्हिंग लँगम्यूर. विजेच्या दिव्याची तार लवकर का जळते, दिव्याची काच आतून काळी का पडते, असल्या प्रश्नांवर काम करणारा हा माणूस पुढे नोबेल पारितोषिकाचा मानकरी झाला. अठरा वर्षांच्या मुलीला त्यांनी सल्ला दिला की अजून शिकून ये, मग इथे जागा आहे.

शिकागो विद्यापीठात त्यांनी विषारी वायूपासून वाचवणाऱ्या मुखवट्यातल्या कोळशावर काम केले. पहिले महायुद्ध चालू होते, विषय तातडीचा होता. कोळसा वायू शोषतो तो त्याच्या पृष्ठभागावर. म्हणजे अगदी पहिल्या संशोधनापासून त्यांचे लक्ष वस्तूच्या वरच्या पातळ पापुद्र्याकडे होते, आणि ते आयुष्यभर तिथेच राहिले. १९१८ मध्ये त्या जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत रुजू झाल्या. तिथल्या त्या पहिल्या स्त्री शास्त्रज्ञ.

सहा वर्षांनी त्या केंब्रिजला, रदरफर्ड यांच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत गेल्या. १९२६ मध्ये भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. केंब्रिजमध्ये या विषयात ती मिळवणारी ही पहिली स्त्री. त्याच विद्यापीठाने स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने पदवीचे पूर्ण हक्क दिले ते १९४८ मध्ये, हेही इथे सांगून ठेवतो.

पाण्यावरचे तेल

परत आल्यावर लँगम्यूर यांनी त्यांना आपल्या आवडीच्या विषयात ओढले : पाण्यावर पसरणारे तेल. पावसाळ्यात रस्त्यावरच्या डबक्यात पेट्रोलचा थेंब पडला की इंद्रधनुष्यासारखे रंग दिसतात, ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. काही तेले आणि चरबीतली आम्ले पाण्यावर याहूनही पातळ पसरतात. पसरत पसरत शेवटी एका रेणूच्या जाडीचा थर उरतो. या रेणूंचे एक टोक पाण्याला धरून राहते आणि लांब शेपूट हवेत उभे राहते. खाचरात भाताची रोपे दाटीवाटीने उभी असावीत, तसे हे रेणू पाण्यावर उभे असतात.

या विषयाची पहिली काळजीपूर्वक मोजमापे एका गृहिणीने स्वयंपाकघरात केली होती, हे फारसे कुणाला माहीत नसते. जर्मनीतल्या आग्नेस पॉकेल्स यांनी घरातल्या भांड्यांवर ती केली. त्यांनी इंग्लंडच्या लॉर्ड रॅले यांना पत्र पाठवले आणि रॅले यांच्यामुळे ते १८९१ मध्ये नेचर या नियतकालिकात छापले गेले. पाण्यावरचा थर आडव्या पट्टीने सरकवून दाबायचा, ही लँगम्यूर यांच्या तबकातली मूळ युक्ती या बाईंची.

लँगम्यूर यांना १९३२ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले ते पृष्ठभागांवरच्या कामासाठी. पण पाण्यावरचा थर पाण्यावरच राहिला तर त्याचा उपयोग काय? तो काचेवर उचलून घेणे, एकावर एक थर रचणे आणि किती रचले ते नेमके सांगणे हे काम ब्लॉजेट यांनी केले.

पद्धत ऐकायला साधी आहे. उथळ तबकात पाणी घ्यायचे, त्यात थोडा बेरियमचा क्षार. वर स्टिअरिक आम्लाचा थर पसरायचा. हे आम्ल म्हणजे मेणबत्त्या आणि साबणात असते तेच. बेरियमशी संयोग झाला की त्याचा एक प्रकारचा साबणच होतो. थर विस्कटू नये म्हणून त्याच्या एका बाजूला मेण लावलेला रेशमी धागा आणि धाग्यापलीकडे एरंडेलासारखे तेल, म्हणजे तेल धाग्याला सतत हलका रेटा देत राहते. मग स्वच्छ काचेची पट्टी पाण्यात उभी बुडवायची आणि हळूच वर काढायची. खाली जाताना एक थर चिकटतो, वर येताना दुसरा. बुडवा, काढा, बुडवा, काढा. एका थराची जाडी सुमारे अडीच नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातले अडीच भाग.

हात थरथरला, काचेला बोटाचा डाग राहिला, पाण्यात धूळ पडली की थर बिघडतो. या कामाला बुद्धीइतकीच चिकाटी लागते. ब्लॉजेट यांच्याकडे ती भरपूर होती.

थरांची संख्या वाढत गेली तशी काच रंगीत दिसू लागली आणि प्रत्येक जाडीचा रंग ठरलेला निघाला. म्हणून त्यांनी एका पट्टीवर पायऱ्या-पायऱ्यांनी वाढत जाणारे थर रचून रंगांची मोजपट्टीच बनवली. अज्ञात थराचा रंग या पट्टीशी जुळवला की त्याची जाडी कळते. इंचाच्या दहा लाखाव्या भागापर्यंतची जाडी अशी नुसत्या डोळ्यांनी मोजता येऊ लागली.

चव्वेचाळीस थर

डिसेंबर १९३८ मध्ये जनरल इलेक्ट्रिकने जाहीर केले की ब्लॉजेट यांनी परावर्तन न करणारी काच तयार केली आहे. वर्तमानपत्रांनी तिला अदृश्य काच म्हटले. काचेच्या दोन्ही बाजूंना असा थर दिला होता. थरांची संख्या ४४, एकूण जाडी साधारण १०७ नॅनोमीटर. माणसाच्या केसापेक्षा शेकडो पट पातळ.

४४च का, हे समजले की चष्म्याचे कोटिंग समजले.

साध्या काचेवर प्रकाश पडला की पुढच्या पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के परत फिरतो, मागच्यावरून आणखी ४ टक्के. बाकी ९२ टक्के पलीकडे जातो. आता काचेवर एक पातळ थर दिला तर परावर्तन दोन ठिकाणांहून होते : थराच्या वरून आणि थराच्या तळातून. प्रकाश ही लाट आहे. थराची जाडी अशी ठेवली की तळातून आलेली लाट वरच्या लाटेपेक्षा बरोबर अर्धी लाट मागे पडेल, तर एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यात बसतो आणि दोन्ही एकमेकींना मिटवतात. त्यासाठी थर, आतला प्रकाश मोजून, पाव लाटेएवढा जाड हवा. आपल्या डोळ्याला सर्वांत जास्त जाणवणाऱ्या हिरव्या-पिवळ्या प्रकाशासाठी हा हिशेब साधारण या ४४ थरांवर येतो. मिटलेला प्रकाश नाहीसा होत नाही. तो पुढे, काचेतून पलीकडे जातो. म्हणून कोटिंगच्या काचेतून ९९ टक्क्यांपर्यंत प्रकाश आत येतो.

आणखी एक अट होती. दोन्ही लाटा सारख्या जोराच्या असल्या तरच एकमेकींना पूर्ण मिटवतात. त्यासाठी थर प्रकाशाला काचेपेक्षा कमी वाकवणारा हवा, आणि हा साबण तर जवळपास काचेइतकाच वाकवणारा. ब्लॉजेट यांनी थरातला काही भाग विद्रावकाने विरघळवून काढला. अनारशाला जाळी पडावी तशी थराला जाळी पडली, तिच्यात हवा शिरली आणि थर हवा तितका विरळ झाला. थर चढवणे त्यांना येत होतेच, तो पोखरून घेण्याची ही कल्पना मला त्यांच्या साऱ्या कामात सर्वांत सुंदर वाटते.

दावेदार अनेक

या शोधाचे सगळे श्रेय एकट्या ब्लॉजेट यांना देणारे लेख पुष्कळ सापडतात. ते खरे नाही आणि त्यांना तसे देण्याची गरजही नाही. जुनी, हवेने गंजलेली काच नव्या काचेपेक्षा जास्त प्रकाश जाऊ देते हे लॉर्ड रॅले यांनी १८८६ मध्ये नोंदवले होते. जर्मनीत झाइस कंपनीच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्येच निर्वात पेटीत भिंगांवर थर चढवण्याचे पेटंट घेतले, पण ते लष्करी गुपित म्हणून दडवले गेले. ब्लॉजेट यांच्या घोषणेनंतर काही दिवसांतच एमआयटीच्या कार्टराइट आणि टर्नर यांनी आपली काच जाहीर केली. त्यांनी फ्लोराइड निर्वात पेटीत तापवून त्याची वाफ काचेवर बसवली होती.

ब्लॉजेट यांच्या थरात एक मोठी उणीव होती. साबणाचा तो थर मऊ होता, बोट फिरवले तरी पुसला जाई. प्रयोगशाळेत दाखवायला उत्तम, रोज पुसायच्या वस्तूसाठी निरुपयोगी. वाफेने बसवलेले थर कठीण निघाले. दुसऱ्या महायुद्धात दुर्बिणी आणि पाणबुडीतल्या परिदर्शकांवर तेच थर आले. तिथे एकामागे एक अनेक भिंगे असतात. दहा पृष्ठभाग असले तरी साध्या काचेत एक तृतीयांश प्रकाश वाया जातो, म्हणून युद्धात याची किंमत कळली.

आज तुमच्या चष्म्यावर आहे ती त्या निर्वात पेटीची संतती. तत्त्व मात्र ब्लॉजेट यांनी मोजून दाखवले तेच. आणि त्यांना छळणारा प्रश्न, थर टिकवायचा कसा, तो अजून पूर्ण सुटलेला नाही.

तुमच्या चष्म्यावर काय असते

आता बहुतेक चष्म्यांच्या काचा खरे तर प्लॅस्टिकच्या असतात. प्लॅस्टिक हलके, पडले तरी सहसा न फुटणारे, पण मऊ. म्हणून आधी त्यावर हार्ड कोट देतात. तो ओरखडे कमी करतो, अजिबात पडू देत नाही असे नव्हे. त्यावर सिलिका, टायटॅनियम, झिर्कोनियम यांच्या ऑक्साइडचे पाव लाटेच्या हिशेबातले अनेक थर, म्हणजे एआरसी. एकाऐवजी अनेक थर देतात ते एकाच रंगाऐवजी सगळ्या रंगांचे परावर्तन कमी व्हावे म्हणून. सर्वांत वर पाणी आणि तेल धरू न देणारा फ्लोरिनयुक्त लेप, पुसणे सोपे जावे म्हणून.

एआरसी खरेच दिले आहे का, हे घरी पाहता येते. चष्मा ट्यूबलाइटखाली तिरका धरा. काचेत ट्यूबचे पांढरे, ठसठशीत प्रतिबिंब दिसले तर कोटिंग नाही. मंद हिरवे, निळसर किंवा जांभळे दिसले तर आहे. हा रंग म्हणजे न मिटलेला शिल्लक प्रकाश. वेगवेगळ्या कंपन्यांचा रंग वेगळा असतो, त्यावरून दर्जा ठरत नाही.

ते घ्यावे का? रात्री गाडी चालवणाऱ्यांनी, दिवसभर स्क्रीनसमोर बसणाऱ्यांनी जरूर घ्यावे. पाठीमागच्या दिव्याचे, समोरून येणाऱ्या हेडलाइटचे भुतासारखे दुसरे प्रतिबिंब त्याने कमी होते. मोठा नंबर असून पातळ काच घेणाऱ्यांनी तर टाळूच नये. पातळ काचेचे द्रव्य प्रकाशाला जास्त वाकवते, म्हणून ती परतही जास्त फेकते. १.६७ या प्रकारच्या काचेत दोन्ही बाजू मिळून १२ टक्क्यांच्या आसपास. फक्त पेपर वाचायला लहान नंबरचा चष्मा लागत असेल आणि पैशाची ओढ असेल, तर साधी काचही चालते. नंबर बरोबर असणे कोटिंगपेक्षा कितीतरी महत्त्वाचे.

ब्लू कटबद्दल माझे मत स्पष्ट आहे : डोळ्यांचा थकवा कमी होईल या आशेने त्याला वेगळे पैसे देऊ नका. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्यात १७ चाचण्या तपासल्या. थोड्या काळात तरी या काचांनी स्क्रीनमुळे येणारा ताण साध्या काचांपेक्षा कमी होत नसावा, असाच निष्कर्ष निघाला. अधूनमधून लांब पाहणे, पापण्या मिटणे, डोळे कोरडे पडत असतील तर त्याचे उपचार, हे जास्त उपयोगी आहे. अतिनील किरणांचे संरक्षण ही आणखी वेगळी गोष्ट. ते काचेच्या द्रव्यावर किंवा वेगळ्या प्रक्रियेवर अवलंबून असते, म्हणून काच घेताना स्वतंत्रपणे विचारा.

आणि एक गोष्ट घरच्यांनी विशेष लक्षात ठेवावी. रात्री दिव्यांभोवती वलये दिसतात, समोरच्या गाडीचा उजेड सहन होत नाही, म्हणून साठी उलटलेले कितीतरी जण आधी चांगल्या कोटिंगचा चष्मा करून घेतात. कोटिंग काचेवरची चकाकी घालवते, डोळ्यातली नाही. मोतीबिंदूत प्रकाश डोळ्याच्या आतल्या भिंगातच विखुरतो. त्याला कुठलीही काच पुरत नाही. असा त्रास नवा सुरू झाला असेल तर चष्म्याच्या दुकानाआधी नेत्रतज्ज्ञांकडे जा. रंगीत वलयांबरोबर डोळा दुखत असेल, लाल झाला असेल, उलटी होत असेल, तर ती काचबिंदूची तातडीची अवस्था असू शकते. त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठा.

कोटिंग टिकवायचे तर चष्मा कोरडा पुसू नका. पदराने नाही, शर्टाच्या टोकाने नाही, तोंडाची वाफ सोडूनही नाही. रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात, आपण ते काचेवर घासतो. आधी नळाचे पाणी, हवा तर भांड्यांच्या सौम्य द्रवाचा एक थेंब, मग मऊ मायक्रोफायबर कापड. सॅनिटायझर, नेलपॉलिश रिमूव्हर लांब ठेवा. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर चष्मा ठेवू नका, चुलीजवळ, ओव्हनच्या तोंडाशी वाकताना जपा. उष्णतेने प्लॅस्टिक जास्त फुगते, वरचे ऑक्साइडचे थर तितके फुगत नाहीत, आणि कोटिंगला कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात. अशा काचेवरचे कोटिंग दुरुस्त होत नाही, काच बदलावी लागते.

पुढची वर्षे

अदृश्य काचेनंतर ब्लॉजेट यांना प्रसिद्धी मिळाली, पण त्या त्याच प्रयोगशाळेत त्याच शांतपणे काम करत राहिल्या. युद्धकाळात सैन्याला लपवणाऱ्या धुराच्या पडद्यांवर आणि विमानाच्या पंखांवर साचणाऱ्या बर्फावर त्यांनी काम केले. १९५१ मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीचे गार्व्हन पदक त्यांना मिळाले. त्याच वर्षी स्केनेक्टडी गावाने १३ जून हा दिवस त्यांच्या नावाने साजरा केला.

गावात त्यांची ओळख नाटकात काम करणारी, बागेत रमणारी, जुन्या वस्तू जमवणारी बाई अशीही होती. लग्न केले नाही. १९६३ मध्ये निवृत्त झाल्या आणि १२ ऑक्टोबर १९७९ रोजी, वयाच्या ८१व्या वर्षी, आपल्या घरीच गेल्या. २००७ मध्ये अमेरिकेच्या संशोधकांच्या राष्ट्रीय सन्मान-यादीत त्यांचे नाव आले. पाण्यावरचा एका रेणूचा थर काचेवर उचलून घेण्याचे काम जगभरच्या प्रयोगशाळांत अजून चालते. संवेदक, इलेक्ट्रॉनिक्स, पेशींच्या आवरणाचा अभ्यास, अशा कामांसाठी ते थर लागतात. त्यांना लँगम्यूर-ब्लॉजेट थर म्हणतात.